नॉस्टिक कोण? वचन सांगणारी बाई, की तिला गप्प बसवणारे पंच?



गेले काही दिवस आपल्या पट्ट्यातल्या मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. दापोडी, काळेवाडी, भोसरी, चाकण, चारही बाजूंनी मला तो आला. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: स्त्रियांनी मंडळीत वचन सांगणं ही बायबलची शिकवण नाहीच, ती नॉस्टिक पाखंडाची देणगी आहे. दुसऱ्या शतकात नॉस्टिक पंथांनी बायकांना गुरू केलं, प्रेषितांच्या मंडळीने त्यांना हाकललं, आणि आता तेच पाखंड पाश्चात्त्य स्त्रीवादाचं सोंग घेऊन परत आलंय. खाली पहिलं तीमथ्य, दुसरा अध्याय, बारावं वचन. त्याखाली 'किमान दहा विश्वासणाऱ्यांना पाठवा'.

नुसता मेसेज असता तर सोडून दिला असता. रोज असे पन्नास येतात. पण आपल्याच भागातल्या एका मंडळीच्या पंच कमिटीपुढे याच मेसेजच्या आधारावर ठराव आलाय. कॉटेज मीटिंगमध्ये यापुढे संदेश पुरुषानेच द्यावा, बहिणींनी गाणं, प्रार्थना आणि साक्ष एवढंच करावं, असा तो ठराव. मंडळीचं नाव लिहीत नाही, कारण उद्या हाच ठराव शेजारच्या मंडळीत येणार आहे आणि परवा तुमच्या. ठराव आणणाऱ्यांपैकी दोघं माझे मित्र आहेत. हे वाचून ते रागावतील. रागवा, पण पूर्ण वाचून रागवा.

आधी ठरावाचा खरा परिणाम काय, तो बघू. चाकण एमआयडीसीच्या आजूबाजूला, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या गावांत दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये आपली किती माणसं राहतात ते रविवारच्या उपासनेत कळत नाही. कारण रविवारी त्यांची शिफ्ट असते. नगर, जालना, बीड, नांदेडकडून आलेली कंत्राटी पोरं-पोरी. त्यांची मंडळी म्हणजे आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी खोलीत जमणारी कॉटेज मीटिंग. पाळकसाहेब महिन्यातून एकदा पोचले तरी पुष्कळ, त्यांचाही दोष नाही, एक माणूस आणि तीस किलोमीटरचा पट्टा. मग ती मीटिंग चालवतं कोण? हार्नेसच्या लाईनवर आठ तास उभी राहून आलेली बाई. तीच सतरंजी झटकते, तीच चहा ठेवते, तीच 'उपासना संगीत' उघडून गाणं धरते आणि तीच एक अध्याय वाचून दोन शब्द सांगते. ते दोन शब्द पुरुषाने सांगायचे असं ठरलं तर पुरुष आणायचा कुठून? तो सेकंड शिफ्टला गेलाय, नाहीतर गावाकडे आहे, नाहीतर कोपऱ्यावर उभा आहे. म्हणजे ठराव पास झाला तर संदेश पुरुषाच्या तोंडून येणार नाही, मीटिंगच बंद पडेल. पंचांना हे माहीत नाही असं मी मानायला तयार नाही.

आता 'नॉस्टिक' या शब्दाकडे. मेसेज पाठवणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना तो काय आहे हे माहीत नाही, आणि दहाव्याला अर्धवट माहीत आहे. ग्रीक भाषेत 'ग्नोसिस' म्हणजे ज्ञान. दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लोकांमध्येच असे अनेक गट झाले, ज्यांचं म्हणणं ढोबळमानाने असं की हे जग, ही माती, हे शरीर चांगल्या देवाने केलेलंच नाही. ते एका खालच्या दर्जाच्या, अडाणी निर्मात्याचं काम आहे. माणसाच्या आत एक दिव्य ठिणगी अडकलीय आणि गुप्त ज्ञान मिळालं की ती सुटते. मग लग्न, मूलबाळ, घाम, रक्त, भूक हे सगळं कैदेचं लक्षण. मंडळीने याला विरोध केला आणि योग्य केला. लियोंचा बिशप इरेनियस याने इसवी सन १८० च्या सुमारास त्यांच्याविरुद्ध पाच खंडांचा ग्रंथ लिहिला. शरीर देवाने केलं, येशू खऱ्या शरीरात आला, पुनरुत्थानही शरीराचंच, ही आपली शिकवण. एवढं मान्य? मान्यच पाहिजे, दर रविवारी विश्वासांगिकारात तेच म्हणतो आपण.

मेसेजमध्ये खरं किती आहे तेही प्रामाणिकपणे सांगतो, म्हणजे कमेंटमध्ये कुणी 'तुम्ही लपवलं' म्हणायला नको. इरेनियस मार्कुस नावाच्या एका गुरूबद्दल लिहितो, त्याच्या गटात बायका संदेश देत, प्याल्यावर उपकारस्तुती म्हणत. मार्सेलिना नावाच्या बाईने रोममध्ये असंच शिक्षण नेलं, हेही तो सांगतो. कार्थेजचा तर्तुल्लियन इसवी सन २०० च्या आसपास चिडून लिहितो की पाखंडी लोकांच्या बायका किती धीट, शिकवतात काय, वाद घालतात काय. म्हणजे काही नॉस्टिक गटांत बायका पुढे होत्या, हे खरं आहे.

पण त्यावरून निघतं काय? योहानाच्या शुभवर्तमानावरचं आपल्याला माहीत असलेलं सगळ्यात जुनं भाष्य कुणी लिहिलं? हेराक्लियोन नावाच्या माणसाने, आणि तो नॉस्टिकांच्याच वॅलेंटिनस पंथातला होता. मग काय उद्यापासून योहान वाचायचं बंद करायचं? नॉस्टिक लोक पौलाची पत्रंही मोठ्या आवडीने वाचत. पाखंडी माणसाने केलेली प्रत्येक गोष्ट पाखंड ठरत असेल तर आपल्या हातात एकही पुस्तक उरणार नाही.

आणि तारखा बघा जरा. पत्रकाराला तारखांची खोड असते, काय करणार. नॉस्टिकांचे मोठे पंथ दुसऱ्या शतकातले. रोमकरांस पत्र साधारण इसवी सन ५७ चं. त्याचा सोळावा अध्याय आपण कधीच वाचत नाही, कारण त्यात नुसती नावं आहेत असं वाटतं. तीच वाचा. पहिलं नाव फीबी, किंख्रियाच्या मंडळीतली. तिच्यासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे तोच पौल करिंथकरांना लिहिताना स्वतःसाठी आणि अपुल्लोसाठी वापरतो. तिथे त्याचा अर्थ 'देवाचा सेवक' होतो आणि सगळे मान डोलावतात. फीबीपाशी आल्यावर मात्र त्या 'सेविके'चा अर्थ आपल्या डोक्यात चहा देणारी बाई असा का होतो? मग प्रिस्का, जिने नवऱ्याबरोबर बसून अपुल्लोसारख्या पंडिताला जास्त नीट शिकवलं. ते प्रेषितांच्या कृत्यांत अठराव्या अध्यायात आहे. मग युनिया. प्रेषितांमध्ये नावाजलेली. चौथ्या शतकातला ख्रिसोस्तोम, जो बायकांबद्दल फार गोड बोलणारा नव्हता, तोही ही बाई प्रेषित म्हणवण्याच्या योग्यतेची होती म्हणून थक्क होतो. पुढे कुणाला तरी हे पचलं नाही आणि तिचा पुरुष केला. विद्वानांच्या हातातल्या छापील ग्रीक आवृत्तीत १९२७ साली तिच्या नावावर पुरुषी स्वरचिन्ह चढलं, ते १९९८ साली उतरलं. सत्तर वर्षं एक बाई पुरुष होऊन राहिली. कुणी ठराव आणला नव्हता त्या वेळी.

या अध्यायात पौल दहा बायकांचा उल्लेख करतो. त्यातल्या चौघींबद्दल, मरीया, त्रुफैना, त्रुफोसा आणि पर्सिस, तो म्हणतो की यांनी प्रभूसाठी श्रम केले. श्रम. पौल स्वतःच्या सेवेबद्दल बोलताना हाच शब्द वापरतो. कामगारांच्या पट्ट्यात राहून हा शब्द आपल्याला कळू नये?

फीबीच्या वेळी नॉस्टिक पंथ जन्मालाही आले नव्हते. तिला ते पाखंड शिकवणार कोण होतं?

आता उलट बाजू. नॉस्टिक लोक बायकांचे कैवारी होते असं मेसेज गृहीत धरतो, आणि गंमत म्हणजे आपल्यातले दोन-चार पुरोगामी मित्रही तसंच मानतात. इंटरनेटवर वाचलेलं असतं, 'चर्चने दडपलेली शुभवर्तमानं' वगैरे. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादी इथे एका मडक्यात जुनी हस्तलिखितं सापडली, तेरा ग्रंथ, त्यात पन्नासच्या आसपास लिखाणं. त्यातच थोमाच्या नावाचं शुभवर्तमान आहे. त्याचं शेवटचं वचन असं की पेत्र म्हणतो मरीयेला इथून जाऊ दे, बायका जीवनाला लायक नाहीत. त्यावर येशूच्या तोंडी उत्तर घातलंय, की मी तिला पुरुष करीन, आणि जी बाई स्वतःला पुरुष करील ती राज्यात जाईल. ही बाईची मुक्ती? बाई म्हणून आत येता येणार नाही, आधी बाईपण दारात काढून ठेवा, मग या. मरीयेच्या नावाचंही एक शुभवर्तमान आहे, त्यात ती शिष्यांना शिकवते आणि पेत्र तिच्यावर शंका घेतो, लेवी तिची बाजू घेतो. म्हणजे त्यांच्यातही भांडण होतंच. तेव्हा नॉस्टिक म्हणजे स्त्रीवादी हे दोन्हीकडून खोटं.

नॉस्टिकांचं खरं विष कुठे आहे? शरीराच्या किळशीत. आणि बाईचं शरीर हे त्यांच्या लेखी सगळ्यात जास्त शरीर, कारण त्यातून नवं शरीर जन्माला येतं. ही किळस मंडळीने दारातून हाकलली खरी, पण ती खिडकीतून आत आली. जेरोम, बायबल लॅटिनमध्ये आणणारा एवढा मोठा संत, इफिसकरांच्या पत्रावर लिहिताना म्हणतो की जी स्त्री जगाऐवजी ख्रिस्ताची सेवा करील ती स्त्री राहणार नाही, तिला पुरुष म्हणतील. थोमाच्या शेवटच्या वचनापासून हे किती लांब आहे, तुम्हीच मोजा. तर्तुल्लियनने तर बाईला सैतानाचं दार म्हटलं. (हाच तर्तुल्लियन पुढे माँटॅनिस्टांच्या चळवळीत गेला, जिच्या दोन मोठ्या संदेष्ट्या बायका होत्या. मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं.) तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस लिहून देतो की मासिक पाळीतल्या बाईने प्रभुभोजनाच्या मेजाजवळ येऊ नये.

त्याच शतकात सिरियातल्या मंडळीच्या 'डिडास्कालिया' या नियमग्रंथात बरोबर उलटं आहे: पाळीमुळे पवित्र आत्मा बाईला सोडून जात नाही, तिने प्रार्थना, वचन, प्रभुभोजन काही सोडू नये. हाच ग्रंथ बायकांना शिकवायला मनाई करतो, तेही सांगितलं पाहिजे. म्हणजे इतिहास आपल्या सोयीने वागत नाही. पण विटाळाच्या प्रश्नावर त्या काळात दोन मतं होती, आणि आपण पाखंडाच्या जास्त जवळचं मत निवडलं.

सगळं खापर नॉस्टिकांवर फोडायचं नाही मला. रोमन घरात बाप मालक होता, ग्रीक तत्त्वज्ञांना शरीर खालचं वाटत होतं, आणि आपल्याकडे तर विटाळ शिकवायला इजिप्तहून कुणी यायची गरजच नव्हती. बाप्तिस्म्याच्या पाण्यात आपण पुष्कळ काही सोडलं, हे मात्र कोरडं ठेवलं. सोयराबाईने सातशे वर्षांपूर्वी विचारलं होतं की विटाळ नेमका कुठे आहे, देहाबाहेर कुणी जन्मला आहे का. चोखोबाची बायको, गावकुसाबाहेरची. तिचा प्रश्न मला मार्कच्या पाचव्या अध्यायाशेजारी ठेवावासा वाटतो. बारा वर्षं रक्तस्राव असलेली बाई गर्दीत घुसून येशूच्या वस्त्राला शिवते. तो विटाळ झाला म्हणून मागे सरत नाही. गप्प जाऊ पण देत नाही. थांबतो, कोण शिवलं विचारतो, आणि तिला सगळ्या लोकांसमोर सगळं खरं सांगायला लावतो. त्या गर्दीत बहुतेक पुरुष असणार.

आता पहिलं तीमथ्य. टाळणार नाही, कारण ठरावाचा पाया तोच आहे. ते पत्र इफिसच्या मंडळीसाठी आहे. दुसऱ्या अध्यायात अकराव्या वचनात आधी आज्ञा आहे ती बाईने शिकावं अशी. बारावं पाठ असलेल्या किती जणांना अकरावं पाठ आहे? बाराव्यात 'अधिकार चालवणे' असं ज्याचं भाषांतर होतं ते क्रियापद अख्ख्या नव्या करारात फक्त याच एका ठिकाणी आहे. पौल नेहमी अधिकारासाठी जो शब्द वापरतो तो हा नव्हे. मग पंधराव्यात बाळंतपणाचा विषय अचानक कुठून आला? उत्तर त्याच पत्रात चौथ्या अध्यायात आहे: तिथे काही शिक्षक लग्न करायला मनाई करत होते, अमुक खाऊ नका म्हणत होते. आणि पत्राच्या शेवटी, सहाव्या अध्यायात, 'ज्ञान' म्हणवणाऱ्या खोट्या गोष्टींपासून सावध राहा असं तीमथ्याला सांगितलंय. तिथे ग्रीकमध्ये ग्नोसिस हाच शब्द आहे. म्हणजे लग्न वाईट, मूल वाईट, शरीर वाईट असं शिकवणाऱ्यांच्या नादी इफिसच्या बायका लागल्या होत्या, आणि पत्र त्यांना थांबवतंय, असं वाचायला पत्रच जागा देतं.

अमेरिकेतल्या रिचर्ड आणि कॅथरीन क्रोगर या दांपत्याने १९९२ साली यावर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, इफिसमध्ये 'हव्वा आधी झाली आणि तिने आदामाला ज्ञान दिलं' अशी नॉस्टिक कथा पसरली होती, तिलाच पौल उत्तर देतो. अशा कथा नाग हम्मादीत आहेत हे खरं. पण ती हस्तलिखितं चौथ्या शतकातली, कथा फार तर दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या. पहिल्या शतकातल्या इफिसमध्ये त्या होत्याच याला पुरावा नाही. त्यामुळे माझ्या बाजूचा असला तरी हा मुद्दा मी वापरत नाही. मला त्याची गरजही नाही. पत्रातले शब्द पुरे आहेत.

आणि पदराचं काय? बहिणींनी उपासनेत डोक्यावर पदर घ्यावा म्हणून करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय आपल्याकडे किती आवडीने सांगतात. घ्यावा, ज्यांना घ्यायचा त्यांनी. पण डोकं झाकून काय करायचं, हे त्याच वचनात लिहिलंय: प्रार्थना करायची आणि संदेश द्यायचा. पाचवं वचन. अर्धं वचन बाईच्या डोक्यावर ठेवलं आणि उरलेलं अर्धं पुरुषाने खिशात घातलं. मग त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात बायकांनी गप्प बसावं असं आहे त्याचं काय, असं विचाराल. विचारा. एकाच पत्रात तीन अध्यायांपूर्वी बोलायची रीत सांगणारा माणूस तीन अध्यायांनंतर सरसकट बोलणंच बंद करेल असं होत नाही. तिथे उपासनेतला गोंधळ थांबवायचाय. त्याच अध्यायात अन्य भाषा बोलणाऱ्याला, संदेश देणाऱ्यालाही 'आता गप्प राहा' म्हटलंय. त्या पुरुषांना आपण कायमचं गप्प बसवलेलं मला तरी आठवत नाही.

आता घरच्या गोष्टीवर येतो. मेसेज म्हणतो हे सगळं पश्चिमेकडून आलं. आपल्याकडचं उदाहरण तर बरोबर उलटं आहे.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत होत्या, संस्कृत शिकवतही होत्या. १८८५ साली प्रश्न निघाला, रमाबाईंनी तरुण मुलग्यांनाही शिकवावं का. लाहोरचे आणि मुंबईचे, दोन्ही इंग्रज बिशप आडवे आले. हिंदुस्थानात परत गेल्यावर तिच्या कामाला हे शोभणार नाही म्हणाले. रमाबाईंनी कळवलं, की माझी आई शिकवायची, मी शिकवायचे, त्याला माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, माझ्या नवऱ्याने घेतली नाही, आणि आता इंग्रज लोक हरकत घेतात याचं मला नवल वाटतं. पुन्हा वाचा हे. अनंतशास्त्री डोंगरे, बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करलेला सनातनी ब्राह्मण, त्याला चाललं. ख्रिस्ती बिशपांना चाललं नाही. पश्चिमेकडून आलं ते बाईचं तोंड बंद करणं. आपल्या मातीतून गेली ती बोलणारी बाई.

वाँटेजच्या सिस्टर्सशी त्यांची पत्रं वाचली तर दिसतं, की ही बाई कुणाच्या सांगण्यावरून काही मानायला तयार नव्हती. त्रैक्यावर वाद घातला, मंडळीच्या अधिकारावर वाद घातला, गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन कशाला, संस्कृत का नको, इथपर्यंत वाद घातला. पुण्यातल्या सनातन्यांना त्या नको झाल्या होत्या आणि मिशनऱ्यांनाही अवघडच जात होत्या. १८८९ साली मुंबईत शारदा सदन, पुढच्या वर्षी ते पुण्याला, मग दुष्काळातल्या मुलींसाठी केडगावचं मुक्ती. केडगाव लांब नाही, पुण्याहून दौंडच्या लोकलने जाता येतं. आपल्या किती तरुण संघांच्या सहली तिथे गेल्यात? लोणावळ्याला जातात.

केडगावला त्यांनी काय केलं? उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. त्या वेळचं मराठी बायबल मुक्तीतल्या साध्या बायकांना कळत नाही, त्यात संस्कृत शब्द फार, आणि काही शब्दांना वेदान्ताचा वास येतो, म्हणून अख्खं बायबल स्वतः मूळ भाषांवरून मराठीत आणलं. मुक्तीच्याच छापखान्यात मुक्तीच्याच बायकांनी त्याचे खिळे जुळवले. टाकलेल्या, दुष्काळातून उचलून आणलेल्या बायका. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, बायबल १९२४ साली बाहेर आलं. अख्खं बायबल एकट्या बाईने आपल्या भाषेत आणल्याची उदाहरणं जगात बोटावर मोजण्याइतकी. अमेरिकेत जुलिया स्मिथ यांचं १८७६ साली आलं होतं.

आणि बघा, ज्या वेदान्ती शब्दांबद्दल रमाबाई एवढ्या जागरूक होत्या, त्यामागची भीती कोणती होती? जग मिथ्या, शरीर मिथ्या, ज्ञानाने सुटका, हे बायबलच्या वचनात मिसळू नये ही. इरेनियस ज्याच्याशी भांडला त्याच्याच जवळपासचा हा प्रश्न. शिकवण शुद्ध ठेवण्यासाठी म्हातारपणी हिब्रू शिकलेला एक पंच दाखवा मला या पट्ट्यात. आणि तुम्ही ठराव करणार की बाईने वचन सांगितलं तर शिकवण बिघडते?

रमाबाई एकट्या नव्हत्या. आपल्यातली निम्मी घरं नगरकडची, त्यातली कित्येक मुक्तिफौजेतली. १८८२ साली मुंबईत उतरलेल्या मुक्तिफौजेच्या पहिल्या चौघांत एक बाई होती. नगर जिल्ह्यात कॅप्टनबाईचा संदेश ऐकतच आपल्या आज्या मोठ्या झाल्या. लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्याचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पूर्ण केलं. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बायकांना पाळकपदाची दीक्षा मिळते, चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ साली पुष्पा ललिता यांना बिशप केलं. ज्यांच्या छत्राखाली आपल्या अनेक मंडळ्या आहेत त्यांनी हा विषय केव्हाच निकालात काढलाय, आणि आपण खराबवाडीच्या खोलीतल्या बाईला अडवतोय.

आणखी एक, हे लिहू की नको विचार करत होतो. आपल्या बहुतेकांचे पणजोबा कोणत्या वस्तीतून आले हे आपल्याला माहीत आहे. देवाचा शब्द त्यांनी उच्चारायचा नाही, ऐकायचाही नाही, असं सांगणारे शास्त्रावर बोट ठेवूनच सांगत होते. त्यांच्याकडेही वचन होतं. ज्यांना ते वचन लागू झालं त्यांच्या पणतवंडांनी आता घरातल्याच बायकांना दुसरं वचन दाखवायचं, हे बघायला आपल्याला शरम वाटली पाहिजे. एका बाजूला देहू, एका बाजूला आळंदी, आणि मधे आपण राहतो. आळंदीच्या मुक्ताबाईला चांगदेवाने गुरू केलं, ती त्याच्या नातीच्या वयाची होती. आपण हिंदू नाही, ते ठीक. पण आपल्या शेजारच्या वारकऱ्याला हे ऐकताना अवघड वाटत नाही आणि आपल्याला वाटतं, हा फरक मला टोचतो.

'मग बाहेर तरी कुठे समानता आहे?' असं एका मित्राने फोनवर विचारलं. बरोबर आहे. महापालिकेत २०११ च्या कायद्याने निम्म्या जागा बायकांच्या, आणि नगरसेविकेच्या फोनवर तिचा नवरा बोलतो, हे मी बातमीदार म्हणून कित्येकदा अनुभवलंय. पण निदान कायद्याने तिची खुर्ची तिची आहे. तुमचा ठराव खुर्चीच काढून घेतोय.

तर पंच कमिटीला, आणि सर्वसाधारण सभेत हात वर करणाऱ्या प्रत्येक सभासदाला माझी विनंती आहे. ठराव मताला टाकण्याआधी तीन गोष्टी सभेत मोठ्याने वाचा: रोमकरांस पत्राचा अख्खा सोळावा अध्याय, करिंथकरांस पहिल्या पत्रातलं अकरा-पाच, आणि तीमथ्याच्या पहिल्या पत्रातलं चार-तीन. वाचायला बहिणींपैकी कुणाला तरी उभं करा. सभेत वाचायला तर तुमच्या ठरावातही बंदी नाही. मग चाकणच्या बाजूला जिथे जिथे कॉटेज मीटिंग चालते त्या खोल्यांची यादी सेक्रेटरींनी सभेपुढे ठेवावी आणि प्रत्येक खोलीपुढे, तिथे दर आठवड्याला संदेश द्यायला जाणाऱ्या पुरुषाचं नाव लिहावं. ज्यांना ठराव हवाय त्यांनीच आधी आपली नावं द्यावीत. बुधवारी रात्री साडेनऊला, सेकंड शिफ्ट सुटायच्या आत, म्हाळुंग्यात पोचायचंय. पाऊस असला तरी.

ती यादी माझ्याकडे पाठवा, मी इथे टाकतो.